नुसतं 'सोरायसिस' लिहिलेला केसपेपर

केसपेपरवर नुसतं 'सोरायसिस' (त्वचेवर पापुद्र्यांचे चट्टे उठण्याचा आजार) असेल तर एल४०.९, म्हणजे आजारांच्या आयसीडी-१० यादीतला 'प्रकार न सांगितलेला सोरायसिस' हा कोड, टाकून मोकळं व्हावं का, असा प्रश्न आलाय. दुसरं काहीच लिहिलेलं नसेल तर तोच कोड, पण आधी डॉक्टरांना प्रकार विचारा. कोपर-गुडघ्यावर चंदेरी पापुद्र्यांचे जाड चट्टे म्हणजे एल४०.०, घसा दुखून गेल्यावर अंगभर उठणारे थेंबाएवढे ठिपके एल४०.४, तळहात-तळपायांवर पुवाचे बारीक फोड असतील तर एल४०.३. फोटोवरून प्रकार आपण कोड लावणाऱ्यांनी ठरवायचा नाही, तो डॉक्टरांच्या अक्षरात हवा.

आपल्या सोलापुरात तर जास्तच जपायला हवं. बिडी वळणाऱ्या किंवा रंगखात्यात काम करणाऱ्या माणसाचे तळहात सोललेले, भेगाळलेले दिसले तर ते सोरायसिसच असेल असं नाही. संपर्काने होणारा इसब असू शकतो, नायटाही असतो. म्हणून डॉक्टरांनी काम काय ते लिहावं, कोपर, डोक्याची त्वचा, नखं पाहिल्याचं लिहावं. नखांवर अंगुस्तानासारखे बारीक खड्डे असतील तर तेवढी एक ओळसुद्धा निदानाला मोठा आधार देते. पापुद्रा खरवडून बुरशीची तपासणी केली असेल तर तिचा निकालही हवा.

'सोरायसिस?' असं प्रश्नचिन्ह असेल तर कोडिंगच्या अमेरिकन नियमांप्रमाणे ओपीडीत एल४० लावता येत नाही, लक्षणाचा कोड लावायचा. आणि सांधे! सकाळी बोटं आखडतात का, हे विचारल्याची नोंद फार कमी पेपरांवर दिसते, याचं खरंच वाईट वाटतं. सांधेदुखी सोरायसिसचीच आहे असं डॉक्टरांनी लिहिलं तरच एल४०.५ चा, म्हणजे सांध्यांच्या सोरायसिसचा गट उघडतो, आणि पेशंटचे सांधे वाकडे व्हायच्या आत उपचारही सुरू होतात.