मान आखडणे, चक्कर आणि धास्ती : डॉक्टरांच्या गोळ्यांसोबत आयुर्वेदिक काय करावं?

खिडकीजवळची :
वय ४३, दिवसभर लॅपटॉप. गेले काही महिने मान आखडते, उजवीकडे वळवली की पार खांद्यापर्यंत ओढ बसते. मधूनच चक्कर येते. ती येईल या धास्तीने एकटीने रस्ता ओलांडायला नको वाटतं, बसमध्ये छाती धडधडते. फिजिशियनना दाखवलंय. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन ठीक. एक्सरेत सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिसची (मानेच्या मणक्यांची झीज) सुरुवात दिसते म्हणाले. चक्करेसाठी बीटाहिस्टिन आणि धास्तीसाठी एस्सिटॅलोप्रॅमचा लहान डोस चालू आहे, तो बंद करायचा नाहीये. सोबत आयुर्वेदिक काही करून कुणाला फरक पडलाय का? महिन्याला १५०० रुपयांत बसायला हवं. स्वानुभव सांगा, फॉरवर्ड नकोत.

पुरणपोळी_नको :
महानारायण तेल, डोळे झाकून. गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करायचं, मानेकडून खांद्याकडे हलक्या हाताने जिरवायचं, वरून शेक. रगडायचं नाही, दुसऱ्या दिवशी जास्त आखडते. जुन्या उशीला जुना अभ्रा घाला, डाग जात नाहीत. चक्करेचं माहीत नाही, मानेला शंभर टक्के.

भटकभवानी :
आम्ही दोघं दर वर्षी केरळात पंचकर्म करून येतो. मानेवर तेल धरायची ग्रीवा बस्ती, नाकात औषध घालायचं नस्य, कपाळावर तेलाची धार सोडायची शिरोधारा, सगळं. यंदा माणशी साठ हजार लागले, पण माणूस नवा होऊन येतो. तब्येतीसाठी हात आखडता घेऊ नये.

खिडकीजवळची :
भवानीताई, १५००.

भटकभवानी :
हप्ते करून देतात ते.

जुनं_खोड :
आमच्या वेळी दाढीला गेलं की न्हावी दोन्हीकडून कडकन मान मोडून द्यायचा. कसलं स्पॉन्डिलोसिस नि कसलं काय.

फिजिओचा_नवरा :
काका, हे कुणी करू नका प्लीज. मानेला असा हिसका बसला की मेंदूला रक्त नेणारी धमनी आतून फाटू शकते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. क्वचित होतं, पण होतं. चक्कर येणाऱ्याने तर त्या वाटेला जाऊच नये. आमच्या घरचा सल्ला : स्क्रीन डोळ्यांच्या पातळीत आणा आणि हनुवटी आत ओढायचा व्यायाम एकदा समोर बसून शिकून घ्या.

जुनं_खोड :
माझी मान चौऱ्याहत्तराव्या वर्षी ठणठणीत आहे. तुमच्या मिसेसना दाखवायला येऊ का?

मीठभाकर :
न्हाव्याचं पुरे. ताई, चक्कर येते म्हणजे नेमकं काय होतं? खोली गरगरते की डोळ्यांपुढे अंधारी येते? कुठल्या हालचालीने?

खिडकीजवळची :
खोलीच फिरते. झोपेत कुशीवर वळताना, किंवा फळीवरचा डबा काढायला मान वर केली की. अर्ध्या मिनिटात थांबतं, पण मळमळ बराच वेळ राहते.

मीठभाकर :
मग मानेच्या मागे लागण्याआधी कान-नाक-घसावाल्यांकडे जा. हे बीपीपीव्ही असू शकतं. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात, ते जागा सोडून भलत्या नळीत शिरले की डोकं हलवल्यावर असंच होतं. डॉक्टर डोकं ४५ अंशांत वळवून पटकन मागे झोपवतात आणि बुबुळं कशी उडतात ते बघतात. कण तिकडेच असले तर एप्लीच्या पद्धतीने डोकं टप्प्याटप्प्याने फिरवून जागेवर आणतात. माझ्या आईला टेबलावरून उतरतानाच फरक जाणवला. त्याआधी वर्षभर ‘मानेमुळेच’ म्हणून पट्टा लावून बसवलं होतं तिला. चाळिशीनंतर एक्सरेत मणक्याची झीज कित्येकांना दिसते, चक्कर त्यामुळेच येते असं नाही. तपासणीआधी मान आखडल्याचं सांगा, म्हणजे बेताने करतील. बी१२ केलंय का?

पुरणपोळी_नको :
बी१२ बघाच. आणि तेल.

ओवा_सुपारी :
धास्तीवर अश्वगंधा घ्या. रात्री दुधातून. मला झोप अशी लागते की अलार्म ऐकू येत नाही. आयुर्वेद आहे, साइड इफेक्ट शून्य.

खिडकीजवळची :
माझी थायरॉइडची गोळीही चालू आहे. चालेल का?

गोळ्यांचा_डबा :
न विचारता अजिबात नको. अश्वगंधेने थायरॉइडची पातळी वर जाऊ शकते, गोळीच्या डोसाचं गणित बिघडतं. गुंगी आणणाऱ्या गोळ्यांचा असरही वाढतो. क्वचित यकृताला त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत. सर्पगंधा ही वनस्पती असलेलं काही कुणी दिलं तर रक्तदाब उतरतो आणि मन आणखी खाली जातं. धास्तीवर सारस्वतारिष्ट सुचवतीलच कुणीतरी, पण आसव-अरिष्टांत (आंबवून केलेली पातळ औषधं) आपोआप तयार झालेला अल्कोहोल असतो, बाटलीवर टक्के बघा. (मी वैद्य नाही, दुकानात बसतो.)

ओवा_सुपारी :
ऋषीमुनी वेडे होते का?

गोळ्यांचा_डबा :
ऋषीमुनींनी ऑनलाइन ऑर्डर केली नव्हती. २००८ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला होता : इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांपैकी साधारण पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. भस्म, रसकल्प (धातू-खनिजांची औषधं) असतील तर लिहून दिल्याशिवाय घेऊ नये. लेबलवर परवाना क्रमांक आणि बॅच नंबर नसलेली पुडी तर कितीही ओळखीतली असो, परत करा.

ओवा_सुपारी :
अ‍ॅलोपॅथीवाल्यांचे अभ्यास.

संध्याछाया_नव्हे :
वाद नंतर घाला. ताई, बजेट पाळायचं तर आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. मुंबईत वरळीचं पोदार, पुण्यात रास्ता पेठेतलं ताराचंद. खाजगीपेक्षा पुष्कळ स्वस्त, आणि केसपेपरवर आधीच्या गोळ्या लिहून घेतात. मी ग्रीवा बस्ती केली होती. उडदाच्या पिठाचं गोल पाळं मानेवर चिकटवून त्यात कोमट तेल भरतात, गार झालं की कापसाने टिपून पुन्हा गरम. माझं पाळं एका बाजूने सुटलं आणि तेल पाठीवरून थेट पेटीकोटात. पण मान सैल झाली. रांग मात्र मोठी, सकाळ जाते.

फिजिओचा_नवरा :
+१. आणि हे लक्षात ठेवा : हातातली पकड ढिली पडली, चालताना तोल जायला लागला, बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, किंवा ताप आणि प्रचंड डोकेदुखीसोबत मान ताठ झाली, तर तेल-बस्ती काही नाही, थेट इमर्जन्सी.

मीठभाकर :
एस्सिटॅलोप्रॅम आपल्या मनाने एकदम थांबवू नका, त्यानेही चक्कर येते. बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं.

भटकभवानी :
केरळमध्ये मराठी बोलणारे वैद्य पण असतात हं.

खिडकीजवळची :
सगळ्यांचे आभार. फिजिशियनना विचारलं. अश्वगंधेला नाही म्हणाले, बाहेरून तेल लावायला हरकत नाही. तेल आणलं, रोज लावते. बी१२ कमी निघालं, इंजेक्शनं सुरू. पण मी घराजवळच्या वैद्यबाईंकडे सात दिवसांच्या शिरोधारेचे पैसे भरून आले. बजेटच्या तिप्पट गेले. रांगेत सकाळ घालवायची माझी तयारी नाही. तासभर कुणी हाक मारणार नाही, फोन दुसऱ्या खोलीत, एवढ्यासाठीच करतेय. चक्कर जाईल असा त्यांचाही दावा नाही. कानाचं मुलांच्या परीक्षा झाल्यावर.

मीठभाकर :
कान आधी, शिरोधारा मग, असं मी म्हटलं असतं. पण भरलेच आहेत पैसे तर वैद्यबाईंना आताच सांगा की डोकं मागे टाकलं की गरगरतं. उठताना एकदम बसू नका. कुशीवर व्हा, पाय खाली सोडा, मग उठा. तेलाच्या फरशीवर एकटीने उतरू नका.

संध्याछाया_नव्हे :
परीक्षा मार्चमध्ये संपतात. तोपर्यंत गरगरत बसणार?

जुनं_खोड :
ते महानारायण तेल गुडघ्याला चालतं का? कुणी सांगितलंच नाही.

पुरणपोळी_नको :
चालतं काका. रगडू नका फक्त.