माळरानावरची झुडपे काढणे सशांच्या हिताचे आहे काय?

माळकरी:
पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील माळरानांवर वनीकरण म्हणून गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे विलायती झाड लावले गेले आणि विलायती बाभूळ तर न लावताही पसरली. या झाडोऱ्याच्या दाट सावलीत मारवेल आणि पवन्यासारखी गवते तग धरत नाहीत, आणि रानससा तर मुख्यतः गवतावर व कोवळ्या पाल्यावर जगतो. सकस चारा आटला की जनावर रोडावते आणि रोडावलेल्या जनावरावर जंत व गोचिडे लवकर मात करतात. त्यातच दाट झुडपाखालची ओल आणि सावली गोचिडांच्या पथ्यावरच पडते. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात ओकचे झुडपी रान तणनाशकाने व नियंत्रित जाळाने विरळ करून तेथील कॉटनटेल सशांच्या अंगातील जंतांचा मुद्दाम अभ्यास केला गेला. आपल्याकडे माळाची चर्चा काळवीट आणि माळढोक यांच्यापलीकडे क्वचितच जाते. विलायती झाडोरा सरसकट काढून माळ मोकळा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोराटी:
ओक्लाहोमाचा दाखला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. कॉटनटेलची पिल्ले आंधळी व उघडी जन्मतात आणि मादीने उकरलेल्या, स्वतःच्या केसांनी मढवलेल्या खळग्यात वाढतात. आपला काळ्या मानेचा ससा बीळही खणत नाही आणि असे घरटेही करत नाही. त्याची पिल्ले अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात, आणि धोका जाणवला की निपचित दडून बसणे एवढाच त्यांचा बचाव असतो. समोर जेसीबी आला किंवा जाळ आला तरी ती जागची हलत नाहीत, आणि वीण जवळपास वर्षभर चालत असल्यामुळे अमुक महिना निर्धोक, असेही म्हणता येत नाही. मोठा ससादेखील दिवसभर झुडपाच्या बुंध्याशी गवत दाबून केलेल्या, मागे खोल व पुढे उथळ अशा जेमतेम अंगाच्या मापाच्या जागेत बसून असतो. ते झुडूप विलायती की देशी, हे त्याला कशाला कळायला हवे? एप्रिलमधील उन्हात ती सावली काढून घेतल्यावर त्याच्यावर जो ताण येईल, आणि मोकळ्या माळावर गावची कुत्री त्याला जे पळवतील, ते आपण आरोग्याच्या हिशेबात धरलेलेच नाही.

माळकरी:
बोर, हेंकळ, तरवड या देशी झुडपांना हात लावा, असे मी म्हटलेले नाही. कुत्र्यांचा बंदोबस्त हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी विलायती बाभूळ राखणे मला पटत नाही.

कुरणवाला:
वाद काढण्याच्या पद्धतीवर व्हायला हवा. विलायती बाभूळ वरून छाटली तर तिला अनेक फुटवे येऊन ती अधिकच दाट होते, आणि जेसीबीने मुळासकट उपटली तर उलथलेल्या जमिनीवर पहिल्याच पावसात गाजर गवत माजते, ज्याला गुरेही तोंड लावत नाहीत. म्हणून कुदळीने, थोडे थोडे, मधली देशी झुडपे राखून आणि आधी माणसांनी तो पट्टा चालून पाहूनच काम करावे.

बोराटी:
असे काम होणार असेल तर माझा विरोध नाही. मात्र मी जी कामे पाहिली, ती सारी यंत्राने आणि मार्चअखेरच्या घाईत उरकलेली होती.