नर्सचं लायसन्स देशभर एकच असावं की राज्यागणिक वेगळं?

जर्सीकर
बायको न्यू जर्सीत नर्स आहे. तिच्या लायसन्सवर तिला उद्या टेक्सासात ड्युटी करता येते, पण नदीपलीकडे समोर दिसणाऱ्या न्यूयॉर्क राज्यातल्या मॅनहॅटनमध्ये नाही. तिथे वेगळा अर्ज, वेगळी फी. कारण राज्याराज्यांतला नर्स लायसेन्शर कॉम्पॅक्ट, म्हणजे एका राज्याचं लायसन्स करारातल्या बाकी राज्यांतही चालवायचा करार. २००० च्या सुमारास टेक्सास, युटा, विस्कॉन्सिन वगैरेंनी तो सुरू केला, २०१८ मध्ये सुधारून घेतला आणि आज ४० हून जास्त राज्यं त्यात आहेत. न्यू जर्सी आत आहे, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, मिनेसोटा बाहेर. रजिस्टर्ड नर्सच्या लायसन्सची एन्क्लेक्स परीक्षा देशभर एकच. नदी ओलांडली म्हणून इन्सुलिनचा डोस बदलत नाही. मग बाहेरच्यांचा हट्ट कशासाठी? मला तरी यात लायसन्स देणाऱ्या राज्यांच्या नर्सिंग बोर्डांचं फीचं उत्पन्न सोडून काही दिसत नाही.

तिसरी_पाळी
संपाचं बोला ना. सप्टेंबर २०२२ मध्ये मिनेसोटात सुमारे १५,००० नर्स तीन दिवस संपावर होत्या, मीही होते. मुख्य भांडण पगारापेक्षा वॉर्डात माणसं किती असावीत याचं. अशा वेळी मॅनेजमेंट एजन्सीकडून बाहेरच्या नर्स आणतं. आज त्यांना मिनेसोटाचं लायसन्स काढावं लागतं, म्हणजे आधीपासून तयारी आणि खर्च. करारात गेलो की ४० राज्यांतली कुणीही बॅग भरून हजर. युनियन विरोधात आहे ती उगाच नाही.

कागदी_घोडे
संप कधीतरी होतो हो, डिस्चार्ज रोज होतात. डुलुथ मिनेसोटात, पूल ओलांडला की सुपिरियर, ते विस्कॉन्सिन. पेशंट पलीकडून येतो, गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी जातो. तिसऱ्या दिवशी नर्स फोन करते: जखम लाल आहे का, ताप आहे का, पोटरी दुखते का? कायद्याच्या नजरेत ही नर्सिंग सेवा घडते पेशंट बसलाय तिथे, म्हणजे विस्कॉन्सिनात. तिच्याकडे फक्त मिनेसोटाचं लायसन्स असेल तर हा फोनच बेकायदा. मग पोटरी कुणी विचारायची? ती दुखणं म्हणजे पायात गुठळी झाल्याची खूण असू शकते. रक्ताची गुठळी बॉर्डरवर थांबून कागद दाखवत नाही.

शंकासुर
पोटरीचा मुद्दा मान्य. पण नियम राज्याराज्यांत खरंच वेगळे आहेत. एलपीएनने (रजिस्टर्ड नर्सच्या खालच्या पायरीची लायसन्सवाली नर्स) शिरेतून काय द्यायचं, काय नाही, हेच बघा. मल्टिस्टेटवालीने (म्हणजे करारातलं अनेक राज्यांत चालणारं लायसन्स असलेलीने) पेशंटच्या राज्याचा कायदा पाळायचा असतो, पण तो तिला शिकवणार कोण? आणि चार्ल्स कलेन आठवतो का? नर्स होता. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात सोळा वर्षं हॉस्पिटलं बदलत राहिला, २००३ ला पकडला गेला, २९ खून कबूल केले. असल्यांना तुम्ही ४० राज्यांची दारं उघडताय.

जर्सीकर
@शंकासुर, कलेन तर माझ्या बाजूचा साक्षीदार! तेव्हा ही दोन्ही राज्यं कराराबाहेर होती. वेगळ्या लायसन्सने त्याला अडवलं का? हॉस्पिटलं संशय आला की त्याला गुपचूप जाऊ द्यायची, पुढच्याला सांगायची नाहीत. उपाय झाला तो हॉस्पिटलांना तक्रार कळवायला भाग पाडणाऱ्या न्यू जर्सीच्या कायद्याने. उलट करारात एका राज्याची गंभीर चौकशी बाकीच्या राज्यांच्या बोर्डांना दिसते, बोटांचे ठसे घेऊन एफबीआयची तपासणी होते आणि फेलनीत, म्हणजे गंभीर गुन्ह्यात, दोषी ठरलेल्याला मल्टिस्टेट मिळतच नाही.

सिएरा_नर्स
कॅलिफोर्नियातून लिहितेय. आमच्याकडे २००४ पासून नर्समागे किती पेशंट हे कायद्याने ठरलंय, आयसीयूत दोनच. लोक म्हणतात कराराने हा नियम जाईल. नाही जाणार, बाहेरून आलेलीलाही तोच लागू. पण माझी तक्रार वेगळी आहे: मल्टिस्टेट मिळणं तुमच्या कायम पत्त्यावर ठरतं. परीक्षा तीच, अनुभव तोच, पण पत्ता कॅलिफोर्नियाचा म्हणून मला अर्जच करता येत नाही. एकच लायसन्स हवं तर सगळ्यांना द्या, हे अर्धवट काय?

तिसरी_पाळी
@सिएरा_नर्स, पत्त्याचा मुद्दा पटला. @कागदी_घोडे, फॉलोअपच्या फोनसाठी सूट द्या, आजच द्या, कुणी नाही म्हणत नाही. त्यासाठी सगळं दार काढायची गरज नाही. आणि करारच हवा असेल तर एक कलम घाला: संप चालू असलेल्या हॉस्पिटलात मल्टिस्टेटवर काम करता येणार नाही. घाला, मी स्वतः आमदाराला फोन करते.

जर्सीकर
कलम वाईट नाही, पण करार सगळ्या राज्यांत एकसारखाच लागतो. तुमच्या एका कलमासाठी ४० विधिमंडळांनी पुन्हा कायदा करायचा?

तिसरी_पाळी
बोटांच्या ठशांसाठी केलाच होता की २०१८ च्या वेळी.