प्रतिसाद: रंग उडाला, पण उत्प्रेरक चालला का?

कार्बन डॉट्स (कार्बनचे काही नॅनोमीटर आकाराचे कण) टाकून पांढऱ्या एलईडीखाली मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा रंग तासाभरात गेला, म्हणून डॉट्स हे प्रकाशावर चालणारे उत्प्रेरक आहेत हे सिद्ध झालं, असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय. थोडं थांबा.

मिथिलीन ब्लू स्वतःच 664 नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषतो, त्यामुळे डॉट्सशिवायही थोडा विटतो. शिवाय तो कार्बनवर चिकटतो. म्हणून आधी अंधारात 30 ते 60 मिनिटं ढवळा, शोषणांक (द्रावण किती प्रकाश शोषतं त्याचं माप) स्थिर झाला की मगच दिवा लावा. डॉट्सशिवाय उजेडात आणि डॉट्ससह अंधारात, अशा दोन कुप्या सोबत हव्यातच. द्रावणात ट्रायइथेनॉलअमीन (इलेक्ट्रॉन देणारं रसायन) असेल तर आणखी एक गंमत: रंगाचं विघटन न होता नुसतं क्षपण होतं, म्हणजे रेणू इलेक्ट्रॉन घेऊन रंगहीन होतो. कुपी उघडून हवेत जोरात हलवा; निळा परत आला तर काहीच तुटलेलं नाही!

खरी मेख शुद्धीकरणात आहे. डॉट्स बनवायला सायट्रिक आम्ल आणि एथिलीनडायअमीन 200 अंश सेल्सिअसला 5 तास ठेवलं की डॉट्सबरोबर लहान चमकणारे रेणूही बनतात, आणि श्रेय डॉट्सना मिळतं. 1000 डाल्टनच्या (साधारण त्याहून हलके रेणू बाहेर सोडणाऱ्या) पिशवीत भरून, ती पाण्यात ठेवून 48 तास डायलिसिस करा, पाणी दर 6 तासांनी बदला. पिशवीबाहेरचं पहिलं पाणी फेकू नका, लहान रेणू त्यातच असतात. आटवून तेही उत्प्रेरक म्हणून तपासा. तेच जास्त चाललं, तर काम डॉट्स करत नाहीत.

एलईडीने कुपी तापते, पंखा लावा. आणि जमलं तर रंगाऐवजी रंगहीन फिनॉल घ्या, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा.