अनुभव धागा: खोली कुठे, काम कुठे आणि मधला खर्च

मुंबईत खोली बघताना आपण भाडं विचारतो, डिपॉझिट विचारतो. दारापासून कामापर्यंत महिन्याला किती जातात ते खोली घेतल्यावर कळतं. एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन), म्हाडा (सरकारी घरांची सोडत), भाडेकरार, बस, लोकल यांत ज्यांचा रोजचा हात आहे त्यांनी लिहावं. स्वतःची कहाणी नको. कागद, आकडे आणि घोडं कुठे अडतं तेवढं पुरे.

विंडोसीट:
9 मे 2025 पासून बेस्टचं किमान तिकीट साध्या बसला 5 चं 10 आणि एसीला 6 चं 12 झालं. हे पहिल्या पाच किलोमीटरचं, म्हणजे फटका बसला तो वसाहतीतून स्टेशन गाठणाऱ्याला. 26 दिवस धरा, साध्या बसने जाऊन-येऊन 260 चे 520. मासिक पासही 900 चा 1800 झाला. 1800 भागिले 26 म्हणजे रोजचे 69 रुपये. त्याहून कमीची तिकिटं निघत असतील तर पासच्या वाटेला जाऊ नका. चार घरची कामं करत फिरणाऱ्या बाईंचं गणित वेगळं. दहा किलोमीटरपर्यंतचं एसी तिकीट 20 चं, चार खेपांना 80 होतात. त्यांनी पास जरूर काढावा.

फूटबोर्ड:
लोकलचा सेकंडचा पास अजून सगळ्यांत स्वस्त. तीन महिन्यांचा पास महिन्याच्या 2.7 पट, सहा महिन्यांचा 5.4 पट. पण रोजंदारीवाल्याकडे एकरकमी पैसे कुठून असणार? सवलत पडते पगारदाराच्या पदरात. नाक्यावर उभं राहणारा तर आज भांडुप, उद्या बोरिवली. तो पास काढणार कुठला? आणि पासवर ‘मार्गे’ काय छापलंय ते वाचून घ्या. दुसऱ्या मार्गाने गेलात तर पास असूनही दंड.

कॉमनमीटर:
एसआरएबद्दल लोक ‘फुकट घर’ म्हणतात. आधी पात्रता बघा. परिशिष्ट-2, म्हणजे कोण पात्र, कोण अपात्र ती यादी; तिच्यात पात्र म्हणून नाव आलं तरच पुढचं सगळं. 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या झोपडीला मोफत घर, त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंतच्यांना अडीच लाख भरून. मतदारयादीत नाव असतं, पण झोपडी क्रमांक जुळत नाही, किंवा लाइटबिल वडिलांच्या नावावर आणि राहतो मुलगा. पहिली अडचण बहुतेक तिथेच. पोटमाळ्यावर वेगळी चूल असली तरी ती पात्रतेत धरत नाहीत. एका झोपडीत दोन भावांचे संसार, तर घर एकच मिळणार, हे झोपडी पाडण्याआधी घरात बोलून घ्यावं.

ताबा मिळाल्यावर खर्च सुरू होतो. चाळीत किंवा झोपडीत लिफ्टचं बिल नव्हतं. इथे लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे एका कॉमन मीटरवर. शंभर घरांपैकी तीस जणांनी मेंटेनन्स थकवला की बोजा सत्तरांवर येतो, मग त्यांतलेही काही थांबवतात, आणि शेवटी वीज कापली जाते. पंप बंद म्हणजे वरच्या मजल्यावर हंडे. म्हणून कॉमन मीटरच्या बिलाचा फोटो दर महिन्याला जिन्याच्या खालच्या भिंतीवर चिकटवावा. लोक आकडा बघतात तेव्हाच पैसे देतात.

गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीत इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर आहे. खालच्या मजल्यांवर दुपारी बाराला ट्यूब लावावी लागते. ते बिलही धरा.

माहुल:
तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून लोकांना इकडे माहुलला धाडलं, शेजारी रिफायनऱ्या. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने म्हटलं, सक्ती नको. पर्यायी घर देता येत नसेल तर महिना 15,000 भाडं आणि 45,000 डिपॉझिट द्या. जागा रिकामी पडली म्हणून तिथे माणूस ढकलायचा, एवढंच इथलं नियोजन.

रेडीरेकनर:
भाड्याची खोली घेताना ‘स्टॅम्प पेपरवर लिहून देतो, नोंदणी कशाला’ असं मालक म्हणतो. कायद्याने नोंदणीची जबाबदारी मालकाचीच आहे. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वर्षाला 10 टक्के, या बेरजेच्या 0.25 टक्के. भाडं 8,000, डिपॉझिट 50,000, अकरा महिने: 88,000 अधिक साधारण 4,583, त्याचे 231 रुपये. वर नोंदणी फी 1,000. एजंट यासाठी पाच हजार मागत असेल तर आकडेमोड त्याच्यासमोर करावी. हेवी डिपॉझिटच्या (भाड्याऐवजी एकदाच मोठी रक्कम ठेवायच्या) खोलीला तर नोंदणी हवीच, नाहीतर लाखो रुपये नुसत्या तोंडी शब्दावर.

विंडोसीट:
@रेडीरेकनर, म्हाडाचं राहिलं. सोडतीत अत्यल्प उत्पन्न गटाला मुंबईत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 6 लाखांपर्यंत, आणि त्यात नवरा-बायको दोघांचं धरतात.

रेडीरेकनर:
हो, आणि डोमिसाइल 1 जानेवारी 2018 नंतरचं, बारकोडवालं हवं. जुनं लॅमिनेट केलेलं चालत नाही. सोडतीची जाहिरात निघाल्यावर सेतूत रांग लावण्यापेक्षा आत्ताच काढून ठेवा.