शस्त्रनिर्यात, शस्त्रविक्री आणि शस्त्रहस्तांतरण

प्रश्न : एकाच अहवालावरच्या बातम्यांत कुठे ‘शस्त्रविक्री’, कुठे ‘शस्त्रनिर्यात’, तर कुठे ‘शस्त्रहस्तांतरण’ असे लिहिलेले आढळते. हे शब्द समानार्थी मानावेत का? ‘संरक्षण खर्च’ आणि ‘लष्करी खर्च’ यांत काही भेद आहे का?

प्रतिसाद : समानार्थी मानू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. विक्रीत किंमत ठरते आणि ती रोखीने किंवा कर्जाने चुकती करायची असते. हस्तांतरणात मात्र विक्रीखेरीज देणगी, लष्करी मदत आणि परवाना घेऊन दुसऱ्या देशात होणारे उत्पादनही येते. शस्त्रव्यापार आणि लष्करी खर्च यांची आकडेवारी ठेवणारी स्टॉकहोमची ‘सिप्री’ ही संशोधन संस्था या व्यापक अर्थानेच मोजणी करते आणि त्यालाच आयात-निर्यात म्हणते. घोटाळा होतो तो इथेच. तिच्या आकडेवारीनुसार २०२०–२४ या काळात युक्रेन हा मोठ्या शस्त्रांचा (विमाने, रणगाडे, क्षेपणास्त्रे इत्यादींचा) जगातील सर्वांत मोठा आयातदार होता, पण त्यातला बराच साठा त्याला मदत म्हणून मिळाला होता. त्याला ‘सर्वांत मोठा खरेदीदार’ म्हटले, तर वाचकाच्या मनात तिजोरीतून पैसा गेल्याचे चित्र उभे राहते आणि ते खोटे असते.

शिवाय सिप्रीचे एकक म्हणजे डॉलर नव्हे. नव्या शस्त्राच्या उत्पादनखर्चावरून त्याच्या लष्करी क्षमतेचे एक मूल्य ठरवले जाते. वापरलेले शस्त्र दिल्यास नव्याच्या मूल्याच्या ४० टक्के, आणि देण्यापूर्वी त्यात मोठी सुधारणा केली असल्यास ६६ टक्के मूल्य धरले जाते. म्हणून याच काळात अमेरिकेचा निर्यातीतील वाटा ४३ टक्के होता, यावरून जगभरच्या शस्त्रव्यापारातील ४३ टक्के उत्पन्न तिला मिळाले, असा अर्थ काढता येत नाही. निर्यातीमुळे उत्पादनाची संख्या वाढते, नगामागचा विकासखर्च कमी होतो आणि आपल्याच सैन्याची खरेदी स्वस्त होऊ शकते, हा युक्तिवाद निर्यातदार देश नेहमी करतात. तो तपासायचा तर प्रत्यक्ष किती रक्कम मिळाली हेच पाहावे लागेल, आणि हस्तांतरणाचा आकडा त्यासाठी उपयोगाचा नाही.

दुसरा प्रतिसाद : यात ‘करार’ आणि ‘पुरवठा’ यांचाही फरक जोडावा. एका वर्षी सही झालेल्या कराराची विमाने पुढील अनेक वर्षे येत राहतात; कराराची रक्कम त्याच वर्षाची निर्यात म्हणून छापणे चूक आहे.

खर्चाविषयी थोडक्यात सांगतो. ‘संरक्षण खर्च’ हा बहुधा सरकारी अंदाजपत्रकातला शब्द असतो आणि त्यात काय धरायचे हे ते सरकार ठरवते. सिप्री ‘लष्करी खर्च’ म्हणते, तेव्हा त्यात सैनिकांचे निवृत्तिवेतन आणि लष्करी कारवाईसाठी प्रशिक्षित निमलष्करी दलेही येतात. व्याख्या किती ताणता येते, याचे उदाहरण म्हणजे ‘नाटो’ या लष्करी आघाडीने २०२५ मध्ये हेगच्या परिषदेत ठरवलेले उद्दिष्ट : २०३५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ५ टक्के खर्च करायचा, पण त्यातील १.५ टक्क्यापर्यंतचा भाग पायाभूत सुविधा, संगणकीय जाळ्यांचे रक्षण अशा कामांचा असू शकतो. त्यामुळे या ५ टक्क्यांची तुलना २०१४ च्या २ टक्क्यांच्या उद्दिष्टाशी थेट करू नये. करायचीच असेल, तर ती मूळ लष्करी गरजांसाठी राखलेल्या ३.५ टक्क्यांशी करावी.