मदत हवी आहे: रोमनांचा 'कावळा' गेला कुठे?

मंडळी, पहिल्या प्युनिक युद्धावर, म्हणजे रोम आणि उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज यांच्या लढ्यावर वाचतोय (इसपू २६४ ते २४१) आणि एका जागी गाडी अडलीय. रोमन म्हणजे पक्के जमिनीवरचे गडी, तरी कार्थेजचं एक अडकलेलं जहाज हाती लागलं, त्याची कॉपी मारून १०० मोठी आणि २० छोटी जहाजं बांधली, वल्हेकऱ्यांना चक्क किनाऱ्यावर बाकं मांडून प्रॅक्टिस दिली, असं जुना ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो. मग तो कॉर्वस, म्हणजे कावळा, ३६ फुटी फळी आणि टोकाला लोखंडी चोच, शत्रूच्या डेकवर आपटायची की सैनिक पळत पलीकडे, म्हणजे समुद्रावर पण जमिनीचीच लढाई, भारीच डोकं! सिसिलीजवळ मायलीच्या समुद्री लढाईत इसपू २६० मध्ये रोमन सेनापती दुइलियस त्यावरच जिंकला, एकनोमसच्या लढाईतही इसपू २५६ मध्ये वापरला, आणि नंतर उल्लेखच नाही. इसपू २५५ च्या वादळात शेकडो जहाजं बुडाली ती त्या फळीच्या वजनाने डोलून, असं काहीजण म्हणतात, मला ते अर्धवटच पटतं, कारण तोवर रोमन खलाशीही तयार झाले असणार ना, मग फळी हवीच कशाला? इसपू २४१ ला सिसिलीजवळच्या एगेट्स बेटांपाशी रोमन जिंकले ते हलक्या जहाजांवरच. जाणकारांनी प्लीज सांगा, खरं कारण कोणतं धरायचं? मराठीत काही वाचायला असेल तर तेही सुचवा.